गरज मोजायची, पण नक्की कुणाची?

सातारा जिल्ह्यात सरासरी पाऊस किती, हा आकडा तसा बिनकामाचाच. महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर कोसळतो, माणमध्ये कसाबसा 500 च्या आसपास, आणि दोन्हीची बेरीज करून भागाकार केला की जे उत्तर येतं त्यावरून ना माणचा टँकर ठरतो ना महाबळेश्वरची दरड. तरी एखाद्या भागाच्या गरजांचा सर्वे, म्हणजे नीड असेसमेंट, करायला बसलं की बरेच लोक आधी जिल्ह्याची सरासरीच उघडतात.

1972 मध्ये जोनाथन ब्रॅडशॉ या ब्रिटिश अभ्यासकाने गरजेचे चार प्रकार सांगितले, ते आपल्याकडं अजूनही चपखल बसतात. पहिली तज्ज्ञांनी निकष लावून ठरवलेली गरज. सपाटीला 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ भागात 20,000 मागे एक. पाटणच्या डोंगरातल्या वाड्यांना हा निकष कागदावर पुरतोही, पण लोकसंख्या मोजली म्हणून पायवाट थोडीच कमी होते? दुसरी लोकांना मनातून वाटणारी आणि तिसरी त्यांनी उघड मागितलेली, आणि या दोघींत लई अंतर असतं. दवाखान्याच्या रजिस्टरात आलेल्यांची नावं असतात, एसटीला पैसे नाहीत म्हणून घरीच राहिलेल्या म्हातारीचं नसतं. ग्रामसभेत पुरुष रस्ता आणि सभामंडप मागतात, दारूचा किंवा संडासाचा विषय बायका तिथं काढत नाहीत, म्हणून तर ग्रामसभेआधी वेगळी महिला सभा घ्यायची पद्धत आहे (ती खरंच होते का, की नुसत्या सह्या होतात, हे ज्याचं त्याला माहीत).

चौथी तुलनेतून दिसणारी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात 894 मुली होत्या, सांगली जिल्ह्यात 870 च्याही खाली. ऊस, द्राक्ष, हळद, पैसा असलेला जिल्हा आणि हा आकडा! 2017 मध्ये याच जिल्ह्यातल्या म्हैसाळचं बेकायदा स्त्रीभ्रूण गर्भपाताचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा सगळे हादरले, पण आकडा आधीपासून समोर होताच की. ही गरज कुठल्या ग्रामसभेत कुणी हात वर करून मागणार नाही, दुसऱ्या भागाचे आकडे शेजारी ठेवून बघितले तरच ती दिसते.

आता मोजायचं कसं. 2011 ची जनगणना आता लई जुनी झालीय, त्यामुळं आशाताई आणि अंगणवाडी सेविकांची रजिस्टरं जास्त ताजी. त्यानंतर शिवारफेरी, मग चौकात रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा आणि बायकांना विचारायचं की पाणी कुठनं आणता, अंधार कुठं असतो. फॉर्म भरून जे कळत नाही ते इथं कळतं. विटा-आटपाडीकडं तर बंद घरांचे दरवाजेपण मोजायला पाहिजेत, कारण तिकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी देशभर पांगलीत, पैसा येतो, घरं चांगली आहेत, पण मागे आईवडील एकटे. उत्पन्नाचा रकाना बघितला तर त्या घराला काहीच कमी नाही, आणि रात्री दवाखान्यात न्यायला माणूस नाही.

भाग कुठवर धरायचा हापण प्रश्नच. जतचा पेशंट मिरजेला येतो, पूर्वेकडच्या गावांतला सरळ विजापूर गाठतो, मग तालुक्याची हद्द धरून केलेला सर्वे अर्धाच राहणार.

तयार रिपोर्ट हातात पडला की ग्रामपंचायत आराखड्याच्या सभेत दोन गोष्टी विचारायच्याच. आकडे वाडीनिहाय आहेत का, आणि सर्वे कुठल्या महिन्यात झाला. वाळव्यात जानेवारीत केला असेल तर ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, मोजल्या का ते विचारा, जूनमध्ये केला असेल तर विचारायलाच नको, तेव्हा त्या कोप्या तिथं नसतातच.