उपवासकाळातला धर्मग्राम

उपवासकाळ म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या आधीचे साडेसहा आठवडे, लेंट म्हणतात ते, काही जण प्रायश्चित्तकाळ पण म्हणतात. राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू होईपर्यंत चालतो, तिथून पुढे ईस्टरचे तीन पवित्र दिवस लागतात. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला म्हणून हे दिवसही चाळीस धरतात, पण कॅलेंडर घेऊन मोजायला बसलात तर राखेच्या बुधवारपासून, ते पवित्र दिवसही धरून, पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. त्यातले ६ रविवार वजा करायचे, कारण रविवार पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास धरत नाहीत, की झाले ४०.

उपवासकाळ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, यंदा काय सोडलंस? कुणी मांस सोडतं, कुणी दारू सिगरेट, कुणी गोड, हल्ली बरेच जण सोशल मीडिया सोडतात. ते चांगलंच आहे, पण हा काळ मुळात अख्ख्या धर्मग्रामाचा, म्हणजे पॅरिशचा, एका चर्चच्या सगळ्या लोकांचा आहे आणि तो नीट कळायचा तर बाप्तिस्म्यापासून सुरुवात करायला हवी. सुरुवातीच्या चर्चमध्ये ईस्टरच्या रात्री ज्यांना बाप्तिस्मा घ्यायचा असायचा ते आधीचे कित्येक दिवस उपवास, प्रार्थना आणि शिकवणीत घालवायचे, मोठं पाप हातून घडून जे मंडळीपासून तुटले होते ते प्रायश्चित्त करून याच वेळी परत यायचे, आणि बाकीचे लोक या दोघांच्या सोबतीला म्हणून उपवास धरायला लागले. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरुसलेमला गेलेल्या एजेरिया नावाच्या यात्रेकरू बाईने हे डोळ्यांनी बघून लिहून ठेवलंय, बिशप रोज सकाळी तीन तास शिकवायचे, बाप्तिस्मा घेणारे त्यांच्याभोवती बसायचे, त्यांचे धर्मपिता धर्ममाता पण बसायचे आणि आधी बाप्तिस्मा झालेल्यांनाही आत येऊन ऐकायला मोकळीक होती. आजच्या धर्मग्रामात या दिवसांत जे जे चालतं त्याचं मूळ त्या चित्रात सापडतं.

तारीख दरवर्षी बदलते कारण ईस्टर चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी चर्चच्या गणिताची पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कधीही पडू शकतो. सगळ्यांनी ईस्टर एकाच दिवशी पाळावा हे इ.स. ३२५ च्या निकायाच्या परिषदेत ठरलं. २०२४ मध्ये राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला आला होता, २०२६ चा १८ फेब्रुवारीला.

राखेचा बुधवार हा सक्तीच्या मिस्साचा दिवस नाही, न गेल्याने नियम मोडत नाही, तरी चर्च भरून वाहतं. राख येते ती आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद दिलेल्या फांद्या जाळून. घरोघरी क्रुसामागे खोचून ठेवलेल्या त्या वाळक्या झावळ्या लोक आठवडाभर आधी आणून देतात आणि सॅक्रिस्टन, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणारा माणूस, त्या डब्यात जाळून चाळून घेतो, बारीक चाळावी लागते नाहीतर कपाळाला टोचते. मग रांग लागते, फादर अंगठा राखेत बुडवून कपाळावर क्रूस काढतात आणि प्रत्येकाला म्हणतात, पश्चात्ताप कर आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेव, किंवा जुनं वाक्य, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील हे ध्यानात ठेव. एकाच रांगेत डॉक्टर, त्याच्यामागे शाळेचा शिपाई, त्याच्यामागे आईच्या कडेवरचं तान्हं मूल, आणि त्या मुलाच्या कपाळालाही तोच अंगठा लागतो तेच वाक्य म्हटलं जातं, ते ऐकताना मला दरवेळी पोटात हलतं. काही देशांत कपाळावर न काढता राख डोक्यावर टाकायची पद्धत आहे. राख हा संस्कार नाही, संस्कारासारखं एक पवित्र चिन्ह आहे, त्यामुळे बाप्तिस्मा न झालेला माणूसही ती घेऊ शकतो, आणि ही गोष्ट खूप जणांना माहीत नसते म्हणून दारात घुटमळणारे लोक परत जातात.

त्याच दिवसापासून देवळातून एकेक गोष्ट काढायला सुरुवात होते. पहिला जातो आलेलुया, मिस्सात शुभवर्तमानाआधी गायचा हा शब्द ईस्टरच्या रात्रीपर्यंत उच्चारायचाच नाही. रविवारचं ग्लोरिया हे स्तुतिगीत जातं, वेदीवरची फुलं जातात, ऑर्गन वगैरे वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवायची, नुसतं वादन नाही. फादरांचा झगा जांभळा होतो. चौथ्या रविवारी, ज्याला लेतारे म्हणजे आनंद करा असा रविवार म्हणतात, जरा श्वास घ्यायला मिळतो, फुलं परत दिसतात आणि जिथे असेल तिथे गुलाबी झगा निघतो. १९ मार्चला संत जोसेफचा सण आणि २५ मार्चला देवदूताच्या निरोपाचा सण, या दोन दिवशी ग्लोरिया म्हणतात, आलेलुया मात्र तेव्हाही नाही. पाचव्या रविवारपासून क्रूस आणि पुतळे जांभळ्या कापडाने झाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रं मात्र झाकत नाहीत. काही धर्मग्रामांत दारातलं पवित्र पाणी काढून तिथे वाळू भरतात, वाळवंटाची आठवण म्हणून. हेतू चांगला असला तरी हे चुकीचं आहे, रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, २००० साली स्पष्ट सांगितलंय की पाणी काढायचं ते फक्त शेवटच्या पवित्र दिवसांत, कारण ते पाणी बाप्तिस्म्याची आठवण आहे आणि हा अख्खा काळ बाप्तिस्म्याकडेच चाललाय तर तेच काढून कसं चालेल.

उपवासाचे नियम लोकांना वाटतात त्यापेक्षा सोपे आहेत. पूर्ण उपवास फक्त दोन दिवस, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, १८ पूर्ण झालेल्यांपासून ते साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंतच्यांसाठी, आणि उपवास म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं काही. मांस वर्ज्य करायचं ते १४ वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांनी, या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या दर शुक्रवारी. मासे, अंडी, दूध चालतं. आजारी माणूस, गरोदर बाई, कष्टाचं काम करणारा यांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये. सहाव्या पोप पॉलनी १९६६ मध्ये हे नियम बरेच सैल केले आणि त्या त्या देशाच्या बिशपांना त्यात बदल करायचा अधिकार दिला, म्हणून एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या माणसाने तिथल्या धर्मग्रामात विचारून घेतलेलं बरं. उपवासातून वाचलेले पैसे दानाच्या डब्यात जातात, पोट रिकामं ठेवून खिसा भरलेला ठेवला तर त्याला चर्च उपवास मानत नाही.

शुक्रवार संध्याकाळ क्रुसाची वाट. भिंतीवरच्या चौदा चित्रांपाशी थांबत थांबत येशूच्या मरणाच्या शिक्षेपासून कबरीपर्यंत चालायचं, प्रत्येक ठिकाणी गुडघा टेकायचा, छोटी प्रार्थना, एक कडवं, पुढे. जेरुसलेमला जाणं सगळ्यांना शक्य नव्हतं म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी ही भक्ती गावोगाव नेली आणि १७३१ मध्ये बाराव्या पोप क्लेमेंटनी चौदा हा आकडा पक्का केला. खरं तर यातले काही प्रसंग, येशूचं तीनदा पडणं, वेरोनिकाने चेहरा पुसणं, बायबलमध्ये नाहीत, त्यामुळे दुसऱ्या पोप जॉन पॉलनी १९९१ च्या शुभ शुक्रवारी रोमच्या कोलोसियममध्ये फक्त बायबलमधल्या प्रसंगांची वाट केली होती, पण लोकांच्या ओठावर अजून जुनीच आहे. ज्यांना रविवारच्या मिस्सात वाचायला कधी बोलावत नाहीत ते इथे वाचतात, शाळकरी मुलं मेणबत्ती धरतात, आणि गुडघे दुखणारी म्हातारी माणसं बाकावर बसूनच मान वळवत एकेका चित्राबरोबर फिरतात.

पापनिवेदन, जुनी माणसं कुमसार म्हणतात, त्याची रांग याच दिवसांत सगळ्यात लांब असते. मोठं पाप असेल तर वर्षातून एकदा तरी निवेदन करावं हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा आणि चर्चच्या आजच्या कायद्यातही तो आहे, ईस्टरच्या काळात निदान एकदा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात देतात ती पवित्र भाकर, घ्यावा हाही त्याच परिषदेचा. म्हणून शेजारचे तीन चार धर्मग्राम मिळून एक संध्याकाळ ठरवतात, सगळीकडचे फादर एका ठिकाणी येतात, आपल्या फादरांना आपला आवाज ओळखू येईल या भीतीने वर्षानुवर्षं न गेलेला माणूस तेव्हा परक्या फादरांकडे जाऊन बसतो. पोप फ्रान्सिसनी २०१४ पासून चौथ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवार शनिवारी प्रभूसाठी २४ तास सुरू केले, त्यात चर्च रात्रभर उघडं ठेवून पापनिवेदन आणि आराधना चालते. माझ्या मते धर्मग्रामाने उपवासकाळात एकच काम नीट करायचं ठरवलं तर ते हे करावं, वेळ जास्त ठेवावी, संध्याकाळी कामावरून सुटणाऱ्याला जमेल अशी ठेवावी.

आता बाप्तिस्मा घेणाऱ्या मोठ्या माणसांकडे येतो. यांना दीक्षार्थी म्हणतात. मोठ्यांच्या दीक्षेचा जुना टप्प्याटप्प्याचा विधी १९७२ मध्ये परत आणला गेला आणि तेव्हापासून उपवासकाळाला त्याचं मूळ काम परत मिळालं. पहिल्या रविवारी किंवा त्याच्या आसपास ते बिशपांपुढे उभे राहतात, धर्मपिता धर्ममाता त्यांची साक्ष देतात आणि त्यांची नावं निवडलेल्यांच्या पुस्तकात लिहिली जातात. मग तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी धर्मग्रामासमोर त्यांची पारख होते. शब्द ऐकून परीक्षा वाटते पण प्रश्न कुणी विचारत नाही, ते गुडघ्यावर बसतात किंवा मान खाली घालून उभे राहतात, धर्मपिता त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो, सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करतात आणि फादर त्यांच्यातल्या वाईटाला दूर जायला सांगतात. त्या तीन रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातल्या तीन मोठ्या गोष्टी वाचतात, विहिरीवरची शमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि लाझरस, म्हणजे पाणी, उजेड आणि जीवन, बाप्तिस्म्याच्या तिन्ही गोष्टी. त्याच आठवड्यांत त्यांना आधी श्रद्धेचा अंगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारा मजकूर, आणि नंतर प्रभूची प्रार्थना सुपूर्द करतात, कागद हातात देऊन मोकळे होत नाहीत, मंडळी त्यांच्यासमोर म्हणते आणि ते ऐकतात. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना कुणीतरी पहिल्यांदा घेतंय म्हणून म्हणायची वेळ आली की आपलीच जीभ सावकाश होते.

या सगळ्याच्या मागे राबणारे हात वेगळेच. कॉयरची रात्रीची प्रॅक्टिस, कारण पवित्र आठवड्याची गाणी वर्षातून एकदाच लागतात आणि दरवर्षी विसरलेली असतात, अल्तारवरच्या, म्हणजे वेदीपाशी मदत करणाऱ्या मुलांना कुठे उभं राहायचं कुठे गुडघा टेकायचा ते शिकवणं, आणि घरात पडून असलेल्या आजाऱ्यांची यादी, फादर आणि ख्रिस्तप्रसाद देणारे सेवक त्या घरी जातात. ईस्टरआधी फादर आपल्याकडे येणार म्हणून पलंगावरच्या माणसाने सकाळपासून केस विंचरून घेतलेले असतात.

झावळ्यांच्या रविवारी लाल झगा, मिरवणूक आणि येशूच्या दुःखसहनाचं लांबलचक वाचन, निरनिराळ्या लोकांनी वाटून घेतलेलं. पवित्र गुरुवारी सकाळी, किंवा सोयीसाठी काही दिवस आधी, बिशप कॅथेड्रलमध्ये तीन तेलांची मिस्सा करतात, आजाऱ्यांचं, दीक्षार्थींचं आणि क्रिझ्मा म्हणजे अभिषेकाचं सुगंधी तेल, आणि ती तेलं कुप्यांत भरून प्रत्येक धर्मग्रामात येतात. गुरुवारी संध्याकाळी ग्लोरियाला घंटा वाजतात आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत गप्प होतात. फादर काही जणांचे पाय धुतात, २०१६ पासून त्यात बायकांनाही अधिकृतपणे जागा मिळाली. मिस्सानंतर ख्रिस्तप्रसाद वेगळ्या जागी नेतात, वेदीवरचं कापड काढतात, ख्रिस्तप्रसाद ठेवायच्या कपाटाचं, तबर्नाकलचं, दार उघडं आणि आत काही नाही, लोक मध्यरात्रीपर्यंत जागत बसतात. शुभ शुक्रवारी मिस्सासुद्धा नसते. दुपारी तीनच्या सुमाराला फादर न बोलता आत येतात आणि जमिनीवर पालथे पडतात, मग योहानाचं दुःखसहन, सगळ्या जगासाठी दहा प्रार्थना, क्रुसाला वंदन आणि आदल्या दिवशीचा ख्रिस्तप्रसाद. शनिवारी दिवसभर काहीच नाही. आलेलुयापासून सुरू झालेलं काढणं इथे संपतं, काढायला आता काही उरलेलं नसतं.

ईस्टरची जागरणाची मिस्सा रात्रीच करायची असते. मध्ये कित्येक शतकं ती शनिवारी सकाळी उरकत होते, बाराव्या पोप पायसनी १९५१ मध्ये प्रयोग म्हणून ती परत रात्री आणली आणि १९५५ च्या सुधारणेने ते कायम झालं. बाहेर नवा जाळ पेटवतात, त्यावरून ईस्टरची मोठी मेणबत्ती लागते, अंधाऱ्या चर्चमध्ये ती एकटी आत येते आणि तिच्यावरून हातातल्या छोट्या मेणबत्त्या एकीवरून दुसरी पेटत मागच्या दारापर्यंत जातात. जुन्या कराराची सात वाचनं, कमी करायची तर निदान तीन, पण समुद्र दुभंगल्याचं वाचन कधीच गाळायचं नाही. मग ग्लोरिया, घंटा, दिवे. नव्या करारातल्या पत्राच्या वाचनानंतर फादर आलेलुया तीनदा गातात, दरवेळी एक सूर वर, आणि सहा आठवडे तो शब्द न म्हटलेली माणसं पहिल्या वेळी अडखळतात. त्यानंतर पाण्याला आशीर्वाद, आणि ज्यांची नावं पुस्तकात लिहिली होती ते एकेक करून बाप्तिस्म्याच्या कुंडाशी येतात. डोक्यावरून तीनदा पाणी, पांढरं वस्त्र, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती, क्रिझ्माचा अभिषेक, आणि त्याच मिस्सात पहिला ख्रिस्तप्रसाद. ज्यांचा बाप्तिस्मा आधीच झालाय ते मेणबत्ती हातात धरून आपली वचनं पुन्हा देतात आणि फादर नवं पाणी घेऊन बाकांमधून शिंपडत जातात.