फौज अडली ती नदीकाठी

लष्करी पुरवठ्यात मल्टिमोडल वाहतुकीचे, म्हणजे रेल्वे, रस्ता, जहाज आणि विमान यांच्या जोडणीचे महत्त्व समजून घ्यायला गोव्यासारखे उदाहरण नाही.

पोर्तुगीज राजवटीत 1880च्या दशकात मुरगाव बंदर आणि दूधसागरमार्गे घाट चढणारी रेल्वे एकमेकांसाठीच बांधली गेली. भारताने घातलेल्या 1955च्या आर्थिक नाकेबंदीत सरहद्दीवरची रेल्वे बंद पडली. त्याच दशकात दाबोळीला विमानतळ झाला खरा, पण गोवा मुक्तीच्या कारवाईत 18 डिसेंबर 1961च्या सकाळी भारतीय कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बाँब टाकले आणि समुद्रात नौदल उभे होतेच. तिन्ही वाटा बंद झाल्यावर पोर्तुगीजांच्या हाती उरले ते पूल उडवणे.

भारताची फौज बेळगावला जमली होती, कारण तिथे रेल्वे होती, सांबऱ्याची धावपट्टी होती आणि गोव्यात उतरणारे रस्तेही होते. मात्र मिरज-लोंढा मार्ग तेव्हा मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांचा. ब्रॉडगेजवरून, म्हणजे रुंद रुळांवरून, आलेले सामान वाटेत उतरवून पुन्हा वाघिणीत भरावे लागे. माझ्या मते मल्टिमोडलची खरी परीक्षा अशा बदलाच्या ठिकाणीच होते.

गोव्यात फौजेला गोळीबारापेक्षा नद्यांनी जास्त अडवले. दोडामार्गकडून आलेली तुकडी 18 तारखेच्या संध्याकाळी बेतीला पोचली. समोर पणजी दिसत होती, पण मांडवीवर पूलच नव्हता. दुसऱ्या सकाळी पुलाविनाच नदी ओलांडावी लागली. अनमोडमार्गे उतरलेल्या शीख पलटणीच्या जवानांना बोरीचा पूल उद्ध्वस्त झालेला दिसला. तेव्हा त्यांनी जुवारी नदी पार केली, छातीभर पाण्यातून चालत राय गावचा धक्का गाठला आणि तिथून मडगावची वाट धरली.

मुक्तीनंतर चित्र पालटत गेले. 1964मध्ये दाबोळीला नौदलाचा आयएनएस हंसा तळ आला, 1998मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी मालट्रक थेट रेल्वेवर चढवणारी रो-रो सेवा सुरू झाली. रस्ता-रेल्वे बदलताना माल उतरवायची गरजच तिने संपवली. 2005मध्ये शेजारी कारवारला आयएनएस कदंब तळ उभा राहिला. मधल्या काळात, 1986मध्ये, मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि फेरीबोटींवर पुन्हा भार आला. म्हणूनच जुने धक्के मोडीत काढू नयेत, असे मला ठामपणे वाटते.

घाटातल्या रेल्वेचा प्रश्न अवघड आहे. बंदराला दुसरा रूळ हवा, पण तो मोलेच्या अभयारण्यातून जातो. 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.