भांडवली नफा कर आणि उच्च उत्पन्न गट

भांडवली नफा कर आणि उच्च उत्पन्न गट : जमीन, घर, शेअर, म्युच्युअल फंडाचे युनिट, सोने अशी मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावरील प्राप्तिकर, आणि मोठ्या उत्पन्नाच्या व्यक्तींना तो चढ्या दराने लावावा की नाही हा त्याभोवतीचा वाद. मराठीत ‘भांडवली लाभ’ व ‘भांडवली नफा’ ही दोन्ही रूपे रूढ आहेत. पुण्यात सीएच्या टेबलापाशी मात्र ‘कॅपिटल गेन’ हाच शब्द चालतो. पुढील कलमे 1961 च्या प्राप्तिकर अधिनियमातील (1 एप्रिल 2026 पासून त्याची जागा 2025 च्या अधिनियमाने घेतली) असून दर जुलै 2024 च्या अर्थसंकल्पानंतरचे आहेत.

या कराचा भारतातील प्रारंभ कधीचा, याविषयी एकवाक्यता नाही. काही लेखक तो 1956 चा धरतात, कारण त्या वर्षी तो पुन्हा आला आणि नंतर टिकला. परंतु अंतरिम सरकारातील वित्तमंत्री लियाकत अली खान यांच्या 1947 च्या अर्थसंकल्पानेच 1922 च्या अधिनियमात 12-ब हे कलम घातले आणि 31 मार्च 1946 नंतरच्या व्यवहारांवर कर बसवला. 15,000 रुपयांपर्यंतचा नफा त्यातून मुक्त होता. त्यापुढे नफा वाढेल तसा दर चढत जाई. म्हणजे ‘मोठ्या नफ्याला मोठा दर’ ही कल्पना नवी नसून कराच्या जन्माबरोबरच आलेली आहे. पुढचे वित्तमंत्री जॉन मथाई यांनी 1949 मध्ये हा कर काढून टाकला. प्रारंभ 1947 चा मानणे अधिक सयुक्तिक दिसते, कारण कराच्या घटनात्मक वैधतेचा निकालही याच अल्पजीवी कलमावर लागला.

तो निकाल नवीनचंद्र मफतलाल खटल्याचा (1954). इंग्रजी कायद्याच्या परंपरेत ‘उत्पन्न’ या शब्दात भांडवली वाढ बसत नाही. झाडाचे फळ वेगळे आणि झाड वेगळे. म्हणून मध्यवर्ती विधिमंडळाला हा कर लावताच येत नाही, असा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. विधिमंडळाचे अधिकार सांगणाऱ्या नोंदीतील शब्दाला शक्य तितका व्यापक अर्थ द्यावा, त्यामुळे भांडवली नफाही ‘उत्पन्न’च, असे ठरले. उच्च उत्पन्न गटाच्या वादाचे मूळ येथे आहे : नफा हे उत्पन्नच असेल, तर त्याला पगारापेक्षा हलका दर का?

1956 चे पुनरागमन सामान्यतः ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डोर यांच्या भारतीय करसुधारणेवरील अहवालाशी जोडतात. भांडवली नफा प्राप्तिकराच्या कक्षेत आणावा, ही त्यांची शिफारस वारंवार सांगितली जाते. त्याच अहवालात प्राप्तिकराचा कमाल दर 45 टक्क्यांवर आणण्याची सूचना होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. पाया रुंद आणि दर माफक असा तो जोड-प्रस्ताव होता. सरकारने कर घेतले, कपात घेतली नाही. कॅल्डोरांना केवळ ‘श्रीमंतांवर कर लावा’ म्हणणारे अर्थशास्त्रज्ञ ठरवणे त्यामुळे अपुरे आहे.

सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) शेअरवरील दीर्घकालीन नफा ऑक्टोबर 2004 पासून 2018 पर्यंत करमुक्त होता. त्या काळात शेअरच्या खरेदी-विक्रीच्या रकमेवरचा रोखे व्यवहार कर तेवढा भरावा लागे. 2018 मध्ये 10 टक्के दर आला, 23 जुलै 2024 पासून तो 12.5 टक्के झाला आणि वार्षिक सूट 1.25 लाख रुपयांची झाली. अल्पकालीन नफ्याचा दर 15 वरून 20 टक्के झाला. चढत्या दराचे काम आज अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, करतो : 50 लाखांच्या उत्पन्नावर 10 टक्के, 1 कोटीच्या वर 15, 2 कोटींच्या वर 25. नव्या कररचनेत तो तेथेच थांबतो. दीर्घकालीन नफ्यावर मात्र तो 15 टक्क्यांच्या पुढे जात नाही. परिणामी 4 टक्के उपकर धरून सर्वांत वरच्या पायरीवर पगाराच्या शेवटच्या रुपयावर 39 टक्के, तर दीर्घकालीन नफ्यावर 14.95 टक्के कर पडतो. सव्वा कोटीवाला आणि सव्वाशे कोटीवाला, दोघांनाही नफ्यापुरता हाच दर.

दर वाढवू नये म्हणणाऱ्यांचे तीन युक्तिवाद आहेत. नफ्याचा काही भाग निव्वळ महागाईचा असतो. दर चढा असेल तर लोक मालमत्ता विकतच नाहीत. आणि कंपनीने नफ्यावर आधीच कर भरलेला असतो. पहिल्याला उत्तर म्हणून 1992 च्या वित्त अधिनियमाने महागाई निर्देशांकाची, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरण्याची, सोय केली होती. 2024 मध्ये ती गेली; 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतींपुरता 12.5 टक्के किंवा निर्देशांकासह 20 टक्के यांतील कमी कराचा पर्याय निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंबे यांना ठेवला आहे. दुसऱ्या युक्तिवादात तथ्य आहे. तिसरा जमिनीला लागूच पडत नाही.

पुणे परिसरात हा प्रश्न शेअरपेक्षा सातबाऱ्यावर अधिक कळतो. ग्रामीण शेतजमीन ही कायद्याने ‘भांडवली मालमत्ता’च नाही, ती विकून कितीही कोटी आले तरी कर शून्य, मग विकणाऱ्याचे इतर उत्पन्न काहीही असो. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्राच्या हद्दीपासून 8 किमीच्या आतली जमीन ग्रामीण धरत नाहीत. हे अंतर रस्त्याने मोजायचे की सरळ रेषेत, यावर बरेच खटले झाले. न्यायालयांचा कल रस्त्याच्या अंतराकडे होता. 2013 च्या दुरुस्तीने हवाई अंतर ठरवून टाकले. त्यात हद्दच हलती आहे. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली, तशी ही अदृश्य रेघही हवेली-मुळशीत पुढे सरकली. बांधाच्या अलीकडे कर आणि पलीकडे माफी, अशी स्थिती त्यातून येते. शेतजमिनीवरील नफा हे शेती उत्पन्न असल्याने केंद्राला त्यावर कर लावता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मनुभाई शेठ खटल्यात दिला होता. संसदेने 1989 मध्ये पूर्वलक्षी स्पष्टीकरण घालून तो निष्प्रभ केला.

‘गुंठामंत्री’ हा पुणेरी शब्द अशा आकस्मिक श्रीमंतीवरचा टोमणा आहे. पण करशास्त्राच्या दृष्टीने त्यात एक खरी अडचण दडली आहे. त्या रेघेच्या आतली तीन पिढ्यांची जमीन एकदाच विकणारा शेतकरी त्या एका वर्षापुरताच कोटीच्या अधिभारात जातो. त्याला आणि दरवर्षी कोटींचे शेअर फिरवणाऱ्याला एकाच पायरीवर उभे करणे न्याय्य नाही. केवळ दर वाढवण्यापेक्षा सवलतींना मर्यादा घालण्याचा मार्ग म्हणूनच अधिक ग्राह्य वाटतो. नफा घरात गुंतवल्यास मिळणारी कलम 54 व 54-फ खालची सूट 2023 मध्ये 10 कोटींपुरती मर्यादित झाली, ती याच दिशेने. विकसन कराराने (जमीन बिल्डरला देऊन बदल्यात बांधकामाचा वाटा घेण्याच्या कराराने) जमीन देणाऱ्या व्यक्तीला कलम 45(5-अ) मुळे करार होताच नव्हे, तर पूर्णत्वाचा दाखला मिळतो त्या वर्षी कर भरावा लागतो. 

हिंजवडी-खराडीतील नोकरदारांना परदेशी कंपनीचे शेअर मिळतात. मिळताना त्यांचे मूल्य पगारात धरले जाते. विकताना 24 महिने उलटून गेले असतील तर वाढीव नफ्यावर 12.5 टक्के, 1.25 लाखांच्या सुटीशिवाय. त्याआधी विकल्यास नफा इतर उत्पन्नात मिळवून त्याच्या टप्प्याच्या दराने कर लागतो आणि अधिभारावरची 15 टक्क्यांची मर्यादाही त्याला मिळत नाही.