झोपेतील श्रवण

निद्रावस्थेत मेंदूने आवाज ग्रहण करण्याची, पारखण्याची व बहुतेक सोडून देण्याची क्रिया. आंतरकर्णापासून श्रवण बाह्यकापर्यंतचा (मेंदूच्या बाहेरच्या थरातील ऐकण्याच्या भागापर्यंतचा) मार्ग रात्रभर चालू असतो. भुसावळला रुळांलगतच्या क्वार्टरमध्ये मालगाडीच्या भोंग्याने न हलणारी आई पाळण्यातले मूल नुसते कण्हले तरी उठून बसते, ते या पारखीमुळे.

ही पारख कोठे होते, याविषयी मतभेद आहेत. जुन्या मतानुसार थॅलॅमस हा मेंदूच्या मध्यभागातील अवयव झोपेत संदेशांची वाट अडवतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी बसवलेल्या इलेक्ट्रोडांवरून नोंदी घेतल्या. त्यांत श्रवण बाह्यकाचा प्रतिसाद झोपेतही बराचसा टिकलेला आढळला. क्षीण झाली ती वरच्या केंद्रांकडून उलट येणाऱ्या संदेशांची खूण. तेव्हा आवाज आत पोचतो, पुढचा विचार तेवढा खुंटतो, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

दुसरा वाद ‘के-कॉम्प्लेक्स’चा. लूमिस, हार्वी व होबार्ट यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा तरंग वर्णिला. झोपेच्या दुसऱ्या टप्प्यात मेंदूच्या विद्युत् आलेखावर एक तीव्र ऋण लाट उमटते, पाठोपाठ संथ धन लाट येते; सगळे मिळून निदान अर्धा सेकंद. बाहेर आवाज झाला की ती येते, कधी आपोआपही. काही तज्ज्ञ तिला अर्धवट जाग मानतात, काही झोपेची राखण. लाटेच्या वेळी बाह्यकातील पेशी क्षणभर शांत होतात आणि पुष्कळदा झोप तशीच चालू राहते, हे पाहता दुसरा पक्ष सबळ वाटतो. मात्र ही शांतता आंधळी नव्हे: ओस्वाल्ड व सहकाऱ्यांच्या १९६० मधील प्रयोगात इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला हा तरंग अधिक वेळा उमटला.

सवयीने जाग येणे कमी होते. आवाजासरशी नाडी वाढणे मात्र पुरते थांबत नाही. रुळांलगत जन्म गेलेल्यांनाही हे लागू आहे.

खानदेशात उन्हाळ्यात गच्चीवर बाज टाकून झोपतात, तेव्हा भिंतींचा आडोसाही नसतो. श्रावणात कानबाई या देवीच्या जागरणाची रात्र निराळी. तिथे झोपायचेच नसते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती सरासरी पातळीची असल्याने एकाच भोंग्याने झालेली झोपमोड तीत दिसेलच असे नाही.