गुजरीतल्या सोनाराची बैठक: मागचा इतिहास

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, स्वतःचं काम सुरू करू पाहणाऱ्या तरुण कारागिराला आधी ठरवावं लागतं ते बसायचं कसं. मांडी घालून बसायचं बुटकं डेस्क घ्यावं, की खुर्चीवर बसून छातीपर्यंत येणारं, पुढून अर्धगोल कापलेलं टेबल घ्यावं? मुंबईच्या झवेरी बाजारात दोन्ही मिळतात, आणि माप दिलं तर इथला सुतारही करून देतो. फरक फक्त किमतीचा आणि पाठदुखीचा वाटतो. पण या दोन बैठकी दोन वेगळ्या प्रकारच्या कामांतून तयार झाल्या आहेत. ते माहीत नसेल तर चांगलं सागवानी टेबल आणूनही त्याच्या शेजारी जमिनीवर बसून ठोकाठोकी करायची वेळ येते.

उंच टेबल युरोपातलं. फ्रेंच कोरीवकार एतिएन दलोन याने 1576 मध्ये सोनारांच्या कारखान्याची चित्रं कोरली. त्यांत खिडकीलगतचं टेबल, त्याला अर्धगोल खाचा, प्रत्येक खाचेत एक कारागीर आणि त्याच्या मांडीवर टेबलाला अडकवलेलं कातडं दिसतं. आज विकत मिळणारं टेबल जवळपास तसंच आहे. कातड्याच्या जागी काही ठिकाणी पत्र्याचा खण आला, एवढंच. खाचेच्या मधोमध लाकडाची एक जीभ पुढे आलेली असते. तिच्यावर दागिना टेकवून कानस चालवायची, करवतीने नक्षी कापायची, खडे बसवायचे. करवत उभी चालते, म्हणून हात छातीच्या उंचीवर लागतात. टेबलाची उंची 90 ते 100 सेंटिमीटर ठेवतात ती त्यासाठी. जेवायचं टेबल साधारण 75 चं असतं. घरातल्या टेबलावर काम भागवू पाहणाऱ्याची मान लवकर का धरते, ते या फरकावरून कळतं.

आपल्याकडे टेबलाला पाय फुटले नाहीत, याची कारणं कामातच आहेत. कोल्हापुरी साज घ्या. त्याची 21 पानं मानतात: चंद्र, कमळ, मासा, कासव, भुंगा, नाग असे आकार. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकून आकार काढायचा आणि तो पोचू नये म्हणून आत लाख भरायची. साजातले मणीही असेच, वरून सोनं नि आत लाख. यात करवतीला फारसं काम नाही. इथं हातोडीचं राज्य. हातोडीला खाली भक्कम आधार लागतो, आणि जमिनीइतका भक्कम आधार दुसरा कुठला? बाभळीसारख्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यात ऐरण रोवायची आणि तिच्यासमोर मांडी ठोकायची. तार ओढायची असेल तर जंत्रीला, म्हणजे तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीला, पायाचा रेटा देऊन सांडशीने ओढायची. खुर्चीवर बसलेल्याचे पाय या कामात बिनउपयोगाचे.

दुसरं कारण विस्तवाचं. डाख देताना, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडताना, टाकणखार लावायचा आणि तोंडाने फुंकणी फुंकून दिव्याची ज्योत सांध्यावर न्यायची. सोनं आटवायचं ते कोळशाच्या शेगडीत, मुशीत. सोनं वितळतं 1064 अंशांना. एवढा जाळ लाकडी टेबलावर कोण ठेवील? शेगडी जमिनीवर, म्हणून सोनारही जमिनीवर.

तिसरं कारण गिऱ्हाइकाचं, आणि मला तेच सगळ्यांत वजनदार वाटतं. जुन्या व्यवहारात सोनं गिऱ्हाइकाचं आणि मजुरी सोनाराची. लग्नघरी सोनाराला बोलवायचं, त्याने ओसरीवर बसून डोळ्यांदेखत डाग घडवायचा, ही रीत देशभर होती. सोनाराची हत्यारं त्यामुळे एका पेटीत मावतील अशी राहिली: हातोड्या, पकडी, चिमटे, कानशी, ठसे, कसोटी, गुंजांचा काटा. पाठीवर टेबल घेऊन कोण हिंडणार? शिवाय बुटकी बैठक उघडी असते. समोर बसलेल्या बाईला सोनाराचे दोन्ही हात दिसतात, मांडी दिसते. खण आणि कातडं लावलेलं टेबल तिला संशयास्पदच वाटलं असतं. सोनाराबद्दलच्या म्हणी आठवल्या तर हे पटेल.

मग उडणाऱ्या कणांचं काय व्हायचं? युरोपात ते कातड्यात जमत, आपल्याकडे जमिनीत. शेणाने सारवलेली भुई हेच कातडं. तो केर फेकायचा नसतो, विकायचा असतो. तो घेऊन, धुऊन त्यातलं सोनं काढणारे झारेकरी हा वेगळाच व्यवसाय त्यातून उभा राहिला. सराफी पेठांच्या गटारातला गाळ धुणारी माणसं हीच परंपरा चालवतात. कणांचा हिशेब बैठकीबाहेर, गल्लीत सोडला होता असं म्हणता येईल.

हे गणित मोडलं सरकारी कायद्याने. चीनशी युद्ध झाल्यावर परकीय चलन वाचवायचं म्हणून जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आदेश आला. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. नवा दागिना 14 कॅरेटच्या वरचा करायचा नाही, असा नियम झाला. बावीस कॅरेटचा पत्रा हाताखाली लोण्यासारखा वाकतो. 14 कॅरेटचा कडक, ठोकताना लवकर ताठतो, ठशाच्या बारीक रेघांत उतरत नाही. साज-ठुशीसारख्या कामाच्या मुळावरच घाव होता हा. देशभर सोनारांचं काम गेलं, आत्महत्या झाल्या. त्याच वर्षी गिऱ्हाइकाचा जुना दागिना मोडून नवा करायला थोडी सवलत मिळाली आणि 1966 मध्ये 14 कॅरेटची अट उठली. पण 1968 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदाच झाला. व्यापाऱ्याला परवाना, सोनाराला दाखला, सोनं किती बाळगायचं यावर मर्यादा. तो कायदा 1990 मध्ये रद्द झाला.

त्या सत्तावीस वर्षांत बैठकीचा मालक बदलत गेला. सोनं गिऱ्हाइकाकडून थेट सोनाराच्या ठोकळ्यावर येण्याऐवजी सराफाच्या पेढीतून वजन करून येऊ लागलं. वजन करूनच परत जायचं आणि मधली घट किती धरायची ते आधी ठरलेलं. त्याहून जास्त कमी भरलं तर ते कारागिराच्या मजुरीतून वळतं. आता कण जमिनीत सोडणं परवडेना. पुढे पश्चिम बंगालचे कारागीर मोठ्या संख्येने गुजरीच्या आसपासच्या माड्यांवर बसू लागले. त्यांचं बुटकं डेस्क या हिशेबासाठीच घडलेलं आहे. दीड फुटाच्या आतबाहेर उंची, पुढे लाकडाची जीभ, खाली प्रत्येकाचा वेगळा खण. मांडी आपली नि खण युरोपचा. पाहायला साधी, पण माझ्या मते गेल्या शंभर वर्षांतली सगळ्यांत हुशार बैठक हीच.

चांदीकामाच्या हुपरीला हा प्रश्न इतका टोकाचा नाही. चांदीचे कण सोन्याइतके जिवाला लागत नाहीत. पैंजणाच्या कड्या जोडणं, घुंगरू लावणं ही कामं घराघरांत, बायकांच्या हातून, सोप्यात बसून होतात. तिथं बैठक म्हणजे चांगला उजेड आणि एक पाट.

दरम्यान डाखही बदलला. तांब्या-चांदीचा जुना डाख सोडून कॅडमियमचा आला. ‘केडीएम’ ही त्याचीच अक्षरं गिऱ्हाइकांना शुद्धतेची खूण वाटू लागली. कॅडमियम 767 अंशांना उकळतं, म्हणजे सोनं वितळण्याच्या कितीतरी आधी. डाख देताना त्याची वाफ थेट वाकलेल्या तोंडावर येते, आणि ती फुप्फुसं नि मूत्रपिंडं खराब करते. फुंकणीच्या जागी गॅसची बारीक ज्योत आली तरी ही वाफ राहिलीच. 16 जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, 1 एप्रिल 2023 पासून अक्षरं-अंक मिळून सहा खुणांच्या क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. कस अख्ख्या डागाचा धरला जातो, त्यामुळे सांध्यावर डाख सढळ झाला की तिथंच कस उतरतो. सांधा बारीक हवा, नजर जवळ हवी. उंच टेबलाकडे आणि भिंगाच्या दिव्याकडे तरुणांचा ओढा वाढला, त्यात या नियमांचाही हात आहे.

हे सगळं ध्यानात घेतलं तर निवड सोपी होते. साज, ठुशी, बोरमाळ करणाऱ्याने ठोकळा आणि ऐरण जमिनीवरच ठेवावी. उंच टेबलावर हातोडी मारली की टेबल नाचतं, खणातले कणही उडतात. खडेकाम, कापीव नक्षी, दुरुस्ती जास्त असेल तर छातीएवढं टेबल घ्यावं. ते घेताना आधी खुर्ची ठरवावी, तिच्यावर बसून जीभ छातीशी येते का पाहावं आणि मगच सुताराला पाय कापायला सांगावेत. फिरत्या दांड्याची मोटर उजव्या खांद्याच्या वर टांगावी. चिंच-तुरटीचं पाणी, रिठे हाताशी चालतील, तेजाब, म्हणजे आम्ल, मात्र वेगळ्या कोपऱ्यात. दोन्ही कामं करणाऱ्याने दोन्ही बैठकी मांडाव्यात, आठ बाय दहाच्या खोलीत त्या मावतात. आणि डाख द्यायच्या जागेशी हवा बाहेर ओढणारा पंखा आधी बसवावा, टेबलाची ऑर्डर मग द्यावी.