कर्कश प्रिंटर अजून का टिकला आहे?

‘डॉट मॅट्रिक्स प्रिंटर हे कालबाह्य यंत्र असून कार्यालये ते केवळ जुन्या सवयीपायी वापरतात’, असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. त्या यंत्राचा आवाज आणि फिकट अक्षरे पाहता तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खरे कारण त्याच्या रचनेत आहे.

या प्रिंटरच्या डोक्यात साधारणतः 9 किंवा 24 बारीक पिना असतात. विद्युतचुंबकाच्या जोरावर त्या शाईच्या फितीवर आदळतात आणि कागदावर ठिपके उमटतात. हा आघात खालच्या कागदांपर्यंत पोहोचतो. कार्बनविरहित प्रतींच्या कागदाला रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म कुप्यांचा लेप असतो. दाबाने त्या फुटतात आणि खालच्या प्रतीवर तेच अक्षर उमटते. लेझर प्रिंटर भुकटी उष्णतेने चिकटवतो, इंकजेट शाईचे थेंब सोडतो. अक्षराच्या आकाराचा आघात दोन्हींत नसतो. म्हणूनच गोव्यातल्या वेर्ण्याहून माल घेऊन निघणाऱ्या ट्रकच्या चलनाच्या (मालासोबतच्या पावतीच्या) पांढरी, गुलाबी, पिवळी अशा तिन्ही प्रती एकाच वेळी छापायच्या असतील, तर हेच यंत्र लागते. ब्रेल छापणारी विजेवरची यंत्रेही आघातावरच चालतात. मात्र तिथे शाई नसते, फक्त उठाव असतो.

पडताळणी घरीही करता येते. अशा चलनाची पांढरी प्रत उलटी करून तिच्यावरून बोट फिरवावे. ठिपक्यांचा खरखरीतपणा जाणवतो. लेझरवर छापलेल्या कागदाची मागची बाजू गुळगुळीत लागते. एकच प्रत हवी असेल, तिथे मात्र लेझरच सोयीचा.