बोटभर हॅमस्टर आणि पुण्याचे तीन ऋतू

पेट शॉपमध्ये ‘ड्वार्फ हॅमस्टर’ या एकाच नावाखाली फोडोपस या प्रजातीतल्या तिन्ही जाती विकल्या जातात: कॅम्पबेल, विंटर व्हाइट आणि रोबोरोव्स्की. रोबोरोव्स्की सर्वांत लहान, वजन जेमतेम २० ते २५ ग्रॅम. बाकीचे दोघे ३० ते ५० ग्रॅमचे. त्या दोघांचे संकरही दुकानात सर्रास असतात, त्यामुळे आपल्या हाती नेमकं काय आलंय हे खात्रीने सांगणं अवघड. घर मात्र सगळ्यांचं एकाच पट्ट्यातलं: मंगोलिया, कझाकस्तान, दक्षिण सायबेरिया, उत्तर चीन. पाऊस कमी, हिवाळा कडक, झाडं विरळ. तळपायावरसुद्धा केस असलेला हा प्राणी थंडीसाठी घडलाय, आणि आपण त्याला आणतो एप्रिलात पारा चाळिशीला टेकणाऱ्या पुण्यात.

त्याला १८ ते २४ अंश मानवतात. तिशीच्या पुढे तब्येतीवर ताण येतो. अशा वेळी घरोघरी पहिला उपाय होतो तो पिंजऱ्यावर पंखा सोडण्याचा, आणि तो जवळपास निरुपयोगी आहे. पंख्याने आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. हॅमस्टरला आपल्यासारखा घाम येत नाही. ३८ अंशांच्या खोलीत पंखा त्याच्या अंगावर ३८ अंशांचीच हवा फेकतो.

मूळ मुलखात तो दुपार काढतो बिळात. वरची जमीन तापली तरी खालची माती तितकी तापत नाही. म्हणून आपण काय करायचं याचं उत्तरही बहुतेक वेळा बिळातच सापडतं. पिंजरा गॅलरीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला नको. आतल्या खोलीत, शक्यतो जमिनीलगत हवा. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर फारच उत्तम. संक्रांतीची सुगडं बहुतेकांच्या माळ्यावर पडून असतात. त्यातलं रुंद तोंडाचं, हळदीकुंकू धुऊन काढलेलं एखादं आडवं करून पिंजऱ्याच्या तळाशी पसरलेल्या थरात अर्धं पुरावं. रंग दिलेलं नको. थोड्याच वेळात हॅमस्टर आत शिरून पोट मातीला टेकवून पसरलेला दिसतो. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवली तरी चालते. एवढं करूनही तो लोळागोळा होऊन पडला, तोंडाला लाळ आली, तर तो उष्माघात समजावा. बर्फाचं पाणी ओतू नये. गार जागी हलवून थेट डॉक्टरांकडे न्यावं.

पिंजरा घेताना लोक रंग आणि मजले बघतात. बघायला हवं ते हे, की तळाशी बीळ खणण्याइतका जाड थर मावतो का. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००६ साली सोनेरी हॅमस्टरना १०, ४० आणि ८० सेंटिमीटर जाडीचा थर देऊन पाहिलं. सर्वांत उथळ थरातल्यांनी गज जास्त कुरतडले. ८० सेंटिमीटरवाल्यांत कोणीच कुरतडले नाहीत. सोनेरी हॅमस्टर वेगळा आणि मोठा, पण बीळ खणण्याची ओढ ड्वार्फलाही आहे. त्याला निदान वीसेक सेंटिमीटर थर द्यावा. वखारीतला बारीक भुसा टाळा: त्याची धूळ श्वासात जाते, आणि पाइनसारख्या लाकडांतली वासाची द्रव्यं फुफ्फुसांना त्रास देतात. बिनछपाईच्या कागदाचे तुकडे चांगले. कापूस नको, त्याचे धागे पायाला गुंडाळतात. आंघोळही नको, वाटीभर स्वच्छ कोरडी वाळू दिली की तो लोळून अंग साफ करतो.

पावसाळ्यात शत्रू बदलतो. गालांतल्या पिशव्या खांद्यापर्यंत पोचतात. त्यात भरून नेलेलं धान्य तो कोपऱ्यात पुरतो आणि जुलैच्या दमट हवेत त्याला बुरशी धरते. तो कोपरा दर दोन दिवसांनी उकरून बघावा. पण साफसफाईच्या उत्साहात सगळा थर एकदम फेकू नये. त्याचं घर त्याला वासाने ओळखू येतं. मूठभर जुना कोरडा थर परत मिसळावा.

हिवाळ्याची गंमत निराळी. सायबेरियात दिवस लहान झाले की विंटर व्हाइटच्या मेंदूतली पिनियल ग्रंथी रात्रभर, म्हणजे जास्त वेळ, मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते. हा इशारा मिळाला की वजन घटतं आणि करडी फर पांढरी होते. रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट जळणाऱ्या घरात शरीराला हिवाळा आल्याचं कळतच नाही, म्हणून आपल्याकडे तो बहुधा करडाच राहतो. थंडी आणि अपुरं खाणं एकत्र आलं तर मात्र तो सुस्तावस्थेत जाऊ शकतो: अंगाचं तापमान वीस अंशांच्याही खाली, श्वास अगदी मंद. डिसेंबरातल्या पहाटे असा थंडगार जीव हाताला लागला की मेला म्हणून पुरून टाकू नका. ओंजळीत धरून अर्धा तास ऊब द्या, मिशा हलतात का पाहा. जागा झाला तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण आजारपणही असंच दिसतं.

खाण्याच्या बाबतीत पुणेकर नशीबवान. बाजरी, ज्वारी, राळा, वरी हे सगळं वाण्याकडे मिळतं, आणि गवताचं बी हेच त्याचं मूळ अन्न. रोज चहाचा चमचाभर मिश्रण, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा. गूळ, बिस्कीट, केळं नको. कॅम्पबेल आणि त्याच्या संकरांना मधुमेह सहज जडतो. सूर्यफुलाच्या बिया तो आवडीने खातो, म्हणूनच मोजून द्याव्यात.

चाक हवंच, वीसेक सेंटिमीटर व्यासाचं आणि सलग पृष्ठभागाचं. चाकावरची धाव म्हणजे कैदेतलं वेड, असं पाहुणे म्हणतात. पण २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी उघड्यावर चाक ठेवल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा रानातले उंदीर आपणहून येऊन त्यावर धावल्याचं दिसलं.

आणि ‘जोडी घ्या, एकटा कंटाळेल’ हा सल्ला ऐकू नका. कॅम्पबेलचा नर बाळंतपणात पिल्लू ओढून बाहेर काढायलाही मदत करतो, हे खरंच विलक्षण. पण मादी विल्यावर एका दिवसात पुन्हा गाभण राहू शकते आणि पुढची वेत तीन आठवड्यांच्या आत येते. दोन नर ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडू शकतात. एका पिंजऱ्यात एकच ठेवा.